काठी क्रमांक दोन

समुद्र दर वर्षी किती आत येतो हे समुद्रालाच विचारायची सोय नसल्यामुळे किनारा पाहणी कार्यालयानं त्या कामावर एक फोटोग्राफर ठेवला होता. माणूस पन्नाशीचा, अंगानं किरकोळ, स्वभावानं काटेकोर. उमेदीची वर्षं त्यानं लग्नांचे फोटो काढण्यात घालवली होती. तिथं माणसं हसा म्हटलं की हसतात आणि मागाहून फोटोला नावं ठेवतात. समुद्र दोन्ही करत नाही, म्हणून त्याला ही नोकरी मानवली होती.

काम सोपं होतं, म्हणजे कार्यालयाच्या मते सोपं होतं. वर्षातली सगळ्यांत मोठी ओहोटी असेल त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या बारा खुणांवर जायचं. प्रत्येक खुणेला सिमेंटचा एक खांब. त्या खांबापाशी, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या दिशेला तोंड करून कॅमेरा लावायचा आणि गेल्या वर्षीचाच फोटो पुन्हा काढायचा. दोन फोटो एकमेकांवर ठेवले की वर्षभरात काय गेलं ते कळतं. कधी एक झाड, कधी एक भिंत, कधी कुणाचं घर. लाट काही फोटोसाठी थांबत नाही, म्हणून कॅमेऱ्याची झडप आठ सेकंद उघडी ठेवायची. आठ सेकंदांत सगळ्या लाटांचं मिळून दूध होतं, आणि त्या दुधाची कड म्हणजे त्या घटकेची समुद्राची हद्द. माप कळावं म्हणून चौकटीत एक माणूस दोन मीटरची पट्ट्यापट्ट्यांची काठी धरून उभा राहतो. त्याला म्हणायचं काठीधारक.

काठीधारकानं हलायचं नाही असा नियम आहे. पण जिवंत माणूस आठ सेकंद हलत नाही असं होत नाही. श्वास घेतो, डोळे मिटतो, नाकावरची माशी हाकलावी की नाही याचा विचार करतो. त्यामुळे फोटोत धारकाची कड नेहमी जराशी पुसट येते. फोटोग्राफरला त्या पुसट कडेची इतकी सवय झाली होती, की धारकाला सर्दी झालेली आहे की नाही हे तो फोटोवरून सांगायचा.

त्या दिवशीही तो निघाला तो रोजच्या कामाला निघावं तसाच. फरक एवढाच, की या वेळी खिशात एक पत्र होतं.

पत्र मोठ्या साहेबांचं होतं. ‘खूण क्रमांक सातच्या गतवर्षीच्या छायाचित्रात दोन काठ्या व दोन धारक दिसतात. मंजूर धारक एक. तरी दुसऱ्या धारकाबाबत खुलासा करावा व सदर छायाचित्र पुन्हा काढावे.’ पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, ते मात्र साहेबांनी स्वतः लिहिलेलं दिसत होतं, कारण त्यात ‘सदर’ नव्हतं. फोटोंमध्ये लबाडी आढळली तर सात नंबरच्या वस्तीच्या स्थलांतराची फाइल कायमची बंद होईल.

सात नंबरच्या खुणेला अकरा घरं होती. पाणी घरांपासून शंभर मीटरच्या आत आलं, तर कार्यालय त्यांना टेकडीवर घरं देणार होतं. गेल्या वर्षी ते एकशे चारवर होतं. आणि ते एकशे चार आहे याला पुरावा एकच, फोटो. फोटो खोटे ठरले तर फाइल बंद. फाइल बंद झाली तर एखाद्या वादळात अकराच्या अकरा घरं समुद्रात. फोटोग्राफरची नोकरी त्याआधीच.

पत्र आल्यावर त्यानं मागचे सगळे फोटो काढून पाहिले. कार्यालयात फोटो काढले जातात ते ठेवण्यासाठी. पाहण्यासाठी काढले जात असते तर हे आधीच लक्षात आलं असतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या फोटोतही तो दुसरा होता, जरा लांब. त्याच्या आदल्या वर्षी आणखी लांब, नखाएवढा. अकरा वर्षं मागं गेल्यावर तो नाहीसा झाला. प्रत्येक फोटोत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी, आणि प्रत्येक फोटोत तो बरोब्बर पाण्याच्या कडेला.

काळ्या-पांढऱ्या काठ्या कार्यालयानं दहा वर्षांपूर्वीच बंद केल्या होत्या. आता लाल-पांढऱ्या असतात. तेव्हा कुणीतरी एक जुनी काठी दडवली होती आणि तिच्या जोरावर दर वर्षी कार्यालयाची थट्टा चालवली होती, हे उघड होतं. फोटोग्राफरच्या मनात दोन नावं होती. पहिलं मास्तरांचं.

मास्तर म्हणजे त्याच्या आधीचे फोटोग्राफर. शाळेत ते कधीच शिकवत नव्हते, पण क्षितिजाची रेघ तिरपी दिसली की हातावर पट्टी मारायचे, म्हणून मास्तर. निवृत्त झाल्यावर ते समुद्रापासून शक्य तितक्या लांबच्या शहरात, तेही चौथ्या मजल्यावर राहायला गेले होते. फोटोग्राफर वाट वाकडी करून आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेला. मास्तरांनी फोटो हातात घेतला नाही. टेबलावर ठेवायला लावला आणि लांबूनच भिंग धरलं.

“पट्टे किती दिसतात?”

“दहा.”

“म्हणजे पायथ्यापासून पूर्ण. पाण्यात नाही.”

“कडेला आहे, मास्तर. दर वर्षी कडेला.”

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. “मग तो नियम पाळतोय,” ते हळूच म्हणाले.

“तो म्हणजे कोण?”

मास्तर उठून आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते पितळेची एक शिटी घेऊन. शिटीवर कार्यालयाचा शिक्का होता. फोटोग्राफरला आठवलं, त्यानं काम हाती घेतलं तेव्हा शिटी गहाळ असल्याचं सांगून त्याला एक पिवळा झेंडा दिला होता. काम संपलं की झेंडा हलवायचा आणि धारकाला सोडायचं.

“ही मीच ठेवून घेतली. वाजवायचं मनात आलं तर दोनदा वाजव,” मास्तर म्हणाले. “पण काठी हातात घेऊ नकोस. खाली ठेव म्हण.”

“का?”

“जुनं नियमपुस्तक वाचलंयस का?”

“नवं वाचलंय.”

“नव्यात काही नाही,” मास्तर म्हणाले, आणि त्याला दारापर्यंत पोचवायलाही आले नाहीत. जिना उतरताना फोटोग्राफरचा संशय पक्का झाला. म्हातारा काहीतरी लपवत होता. ज्यानं शिटी घरी नेली, त्याला काठी न्यायला काय जड होतं?

दुसरं नाव आक्काचं.

आक्का म्हणजे सात नंबरची काठीधारक. वय साठीला आलेलं, काम जाळी शिवायचं. घर वस्तीतलं पहिलं, म्हणजे समुद्रापासून पहिलं. खुणेचा खांब तिच्या दारापासून वीस पावलांवर. दुसरी काठी घरांच्या जितकी जवळ दिसेल तितकं पाणी जवळ आल्यासारखं वाटणार आणि टेकडीवरचं घर लवकर मिळणार. हेतू इतका स्वच्छ होता, की फोटोग्राफरला तिचं थोडं कौतुकही वाटलं.

“या फोटोवाले,” त्याला पाहिल्याबरोबर ती दारातून म्हणाली. “समुद्र आपल्या जागेवर आहे, बघून घ्या. म्हणजे आमच्या जागेवर.”

“या वर्षी नीट उभ्या राहा, आक्का. गेल्या वर्षी खांदा हलला होता.”

“आठ सेकंद उभं राहायचं त्यात तुमची एवढी कटकट. काही माणसं वर्षानुवर्षं उभी राहतात, त्यांचं कुणी नाव काढत नाही.”

हे बोलून ती आत गेली. फोटोग्राफरला ते बोलणं खटकलं, पण त्याला बरंच काही खटकत होतं. घराच्या मागच्या बाजूला काळ्या रंगाचा डबा दिसला. खटकला. विचारलं तर म्हणाली होडीच्या तळाला लावायचा. होडी कुठाय? विकली. मग रंग? “रंग कुणी घेईना,” आक्का म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपणच चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं.

ती काठी आणायला गेली तेवढ्यात त्यानं जाळ्यांच्या खोलीत डोकावून घेतलं. काळी-पांढरी काठी नव्हती. कोनाड्यात एक पत्रांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. वरचं पाकीट कार्यालयाचं. कार्यालय या बाईला पत्रं कशाला लिहितं? हेही खटकलं. पण पाय वाजले आणि त्यानं मान बाहेर काढली.

ओहोटी दुपारी चारची होती. साडेतीनला त्यानं कॅमेरा लावला, उंची मोजली, गेल्या वर्षीच्या फोटोशी चौकट जुळवली. मग आक्काचं लक्ष नाही असं पाहून एक शहाणपणा केला. खांबाच्या पुढं, समुद्राच्या बाजूला, पडक्या बांधाच्या दोन टोकांना गुडघ्याच्या उंचीवर काळा दोरा ताणून बांधला. घरांकडून पाण्याकडे जायला तेवढी एकच वाट होती. आक्का आधीच पलीकडे गेली होती. आता जो कुणी चौकटीत शिरेल तो दोरा तोडूनच शिरेल. आपण फोटोग्राफर न होता पोलिसात गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

समुद्र खूप मागं गेला होता. ओल्या वाळूचा राखाडी पट्टा, त्यापलीकडे एक लांबट चर, चरापलीकडे वाळूचा उंच दांडा, आणि त्यापलीकडे पाणी. एरवी पाण्याखाली असलेल्या जमिनीला एक वास असतो. कुजलेल्या शेवाळाचा, लोखंडाचा, बंद पेटी उघडावी तसा. तो वास आज खांबापर्यंत येत होता. चर ओलांडून आक्का काठीसाठी ठरवलेल्या दगडावर जाऊन उभी राहिली. तिच्याखेरीज पुढं कुणीही नव्हतं. त्यानं दुर्बिणीतून डावीकडून उजवीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिलं. एक बगळा होता. तो उडाला.

त्यानं झडप उघडली. आठ मोजले. झडप बंद झाली आणि मागच्या पडद्यावर फोटो उमटला.

दोघं होते.

त्यानं मान वर केली. समोर आक्का एकटी. मान खाली घातली. दोघं. त्यानं चित्र मोठं केलं. आक्काचा खांदा पुसट आला होता. हिला सांगून उपयोग नाही. तिच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, एक माणूस काळी-पांढरी काठी धरून उभा होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मान थोडी खाली. पाण्याचं दूध झालं होतं, ढगांच्या रेघा झाल्या होत्या, आठ सेकंदांत जे जे हलण्यासारखं होतं ते ते हललं होतं. तो माणूस मात्र दगडात कोरल्यासारखा स्वच्छ आला होता. शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. बटणाच्या जागी लोंबणारा दोरा दिसत होता. वारा सुटलेला असताना तो दोराही हलला नव्हता.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्याची काच पुसली. मग चष्म्याची पुसली. अर्ध्या तासानं, पाणी परतायला लागल्यावर, दुसरा फोटो काढला. पाणी वाळूच्या दांड्यावर चार हात चढलं होतं. तो माणूसही चार हात मागं आला होता. कडेला. बरोब्बर कडेला.

समुद्रावरून धुकं येऊ लागलं होतं. त्यानं झेंडा हलवला आणि आक्काला हाक मारली. ती चर ओलांडून, बांध चढून येताना त्यानं मुद्दाम पाहिलं. दोरा तिच्याच पायानं तुटला, त्याआधी तो शाबूत होता.

“हे काय?” तिनं पायाला गुंडाळलेला दोरा उचलून विचारलं. “मासे पकडताय का?”

“आक्का, थट्टा पुरे. कुणाला उभं केलंत?” त्यानं पडदा तिच्यापुढे धरला. “माझी नोकरी जाईल ते सोडा. तुमची फाइल बंद होतेय. अकरा घरं आहेत. कोण आहे हा?”

आक्कानं पडद्याकडे पाहिलं. तिनं ना हात तोंडावर नेला, ना ती मागं सरकली. लांबच्या गावाहून आलेल्या माणसाला पाहावं तसं तिनं पाहिलं, नीट, डोक्यापासून पायापर्यंत.

“बटण लावून देते म्हटलं होतं त्या सकाळी,” ती म्हणाली. “तर म्हणाले, आल्यावर लाव.”

“आक्का…”

“मी उभं केलं? तुमच्या कार्यालयानं उभं केलं. आमचे हे आहेत ते.”

मग तिनं सांगितलं. खांबाला टेकून, समुद्राकडे पाठ करून, अगदी थोडक्यात सांगितलं. बारा वर्षांपूर्वी काठीधारक तिचा नवरा होता. तेव्हाचा नियम वेगळा होता. धारकानं दगडावर नाही, पाण्याच्या कडेला उभं राहायचं. पाणी घोट्याला लागलं की एक पाऊल मागं यायचं, पुन्हा लागलं की पुन्हा एक पाऊल. काठी सोडायची नाही. दोन शिट्या झाल्या की काठी आणून फोटोग्राफरच्या हातात द्यायची, वहीत सही करायची, मग घरी. त्या दिवशी असंच धुकं आलं. मास्तरांना काही दिसेना. त्यांनी वहीत लिहिलं, ‘प्रकाश गेला. काम थांबवलं.’ आणि सामान आवरून ते निघाले.

“आणि शिटी?”

“शिटी काम संपल्यावर वाजवायची असते,” आक्का म्हणाली. “काम संपलं नव्हतं ना. थांबवलं होतं. थांबवलं तर काय करायचं, ते तुमच्या पुस्तकात नव्हतं.”

दांड्याच्या मागचा चर आधी भरतो. एक एक पाऊल मागं येणारा माणूस पाठ फिरवून पाहत नाही. त्याला पुढं पाहायला सांगितलेलं असतं.

“वस्तीतले म्हणाले, काठी घेऊन पळून गेला. आता सांगा फोटोवाले, बाईमाणूस घेऊन पळालेला ऐकलाय. काठी घेऊन कोण पळतं?” ती हसली, पण ते हसू तिच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. “कार्यालय दर वर्षी पत्र पाठवतं. काठी क्रमांक दोन धारकासह गहाळ आहे, सबब काठी परत करावी. धारकाचं काही नाही. फक्त काठी.”

फोटोग्राफरला कोनाड्यातला गठ्ठा आठवला.

“मला ते दिसत नाहीत,” आक्का म्हणाली. “पण मी त्या दगडावर उभी राहते ना, तेव्हा पाठीमागं कुणीतरी एक पाऊल टाकतं. म्हणून तर दर वर्षी येते मी. एकदा ओरडून सांगितलं, झालं काम, चला घरी. नाही आले. माझं ऐकायची सवय आधीही नव्हती. त्यांना शिटी लागते.”

फोटोग्राफरचा हात खिशात गेला, आणि पितळ बोटांना लागलं. ते बर्फासारखं गार होतं. त्याच्या मनात अजूनही संशय होता, फक्त तो आता कुणावर घ्यावा हे त्याला कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र हिशेबी डोक्याला स्पष्ट दिसत होती. तो माणूस चौकटीतून गेला, तर फोटो स्वच्छ येणार. फोटो स्वच्छ आला, तर फाइल चालू राहणार.

“तुम्ही घरात जा,” तो म्हणाला.

“पाय धुवायला गरम पाणी ठेवते,” आक्का म्हणाली आणि लगबगीनं गेली. वळताना तिनं पदर नीट केला, हे त्यानं पाहिलं.

धुकं आता चरापर्यंत आलं होतं. त्यानं शिटी ओठांना लावली. एकदा वाजवली. आवाज धुक्यात शिरला आणि परत आला नाही. दुसऱ्यांदा वाजवली.

काही झालं नाही.

मग लाटांचा आवाज थांबला. थांबला म्हणजे कमी झाला असं नाही. कुणीतरी हात वर करावा आणि वर्ग गप्प व्हावा, तसा थांबला. आणि त्या शांततेत, खूप लांबून, काठीच्या लोखंडी टोकाचा आवाज यायला लागला.

टक्… टक्…

ओल्या वाळूवर काठी वाजत नाही. ही वाजत होती. सावकाश येत होती. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेला माणूस चालावा तशी. चरापाशी आवाज क्षणभर थांबला… पाण्याचा एक चुबुक आवाज… आणि अलीकडून पुन्हा टक्… टक्… बंद पेटीचा तो वास दाटून आला. फोटोग्राफरनं डोळे मिटून घेतले. मास्तरांचं वाक्य त्याला आठवत होतं. खाली ठेव म्हणायचं. तोंडात शब्द तयार होते.

पावलं त्याच्यासमोर येऊन थांबली. थेंब गळत होते, त्याच्या बुटांवर.

आता अकरा वर्षं ज्यानं दर काम संपल्यावर हात पुढं करून काठी घेतली आहे, त्याचा हात त्याला विचारून पुढं होत नाही. तो झाला. मुठीत काठी आली. गार, शिंपल्यांनी खरखरीत, आणि पकडीच्या जागी मात्र गुळगुळीत. दुसऱ्या हातानं त्यानं सवयीनंच वही उघडून पुढं धरली. वहीवर काहीतरी ओलं टेकलं. त्यानं डोळे न उघडताच शेजारच्या रकान्यात, ‘काठी घेणार’ या शब्दांखाली, आपली सही केली.

पावलं वळली. आता काठीचा आवाज नव्हता. नुसती अनवाणी पावलं, वीस मोजली. दाराची कडी वाजली.

“किती हा उशीर,” आक्काचा आवाज आला. “पाय पुसून या आत.”

दार लागलं आणि लाटा पुन्हा सुरू झाल्या.

त्यानंतर धुकं विरळ झालं. दुसऱ्या दिवशी, पुन्हा ओहोटीच्या घटकेला, त्यानं दगडावर लाल-पांढरी काठी दगडांच्या आधारानं उभी केली आणि तिसरा फोटो काढला. फोटो स्वच्छ होता. पाणी घरांपासून सत्त्याण्णव मीटरवर.

आक्काचं दार त्यानं वाजवलं नाही. आत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं, आणि मधूनच कुणीतरी हुंकार देत होतं.

पुढचं सगळं कार्यालयाच्या मानानं फार वेगानं झालं. खुलाशात त्यानं लिहिलं, ‘भिंगावर डाग होता, पुसला.’ खुलासा मान्य झाला. मोठ्या साहेबांनी डागाबद्दल ताकीद दिली आणि फाइलवर सही केली. सहा महिन्यांत अकरा घरं टेकडीवर गेली. सामान नेणारा ड्रायव्हर म्हणत होता, की त्या पहिल्या घरातली म्हातारी जरा चमत्कारिक आहे; ट्रकमध्ये पुढं बसताना तिनं आणखी एका माणसाची जागा सोडून ठेवली आणि त्याला वाटेत दोनदा गाडी हळू चालव म्हणाली, ह्यांना सवय नाही म्हणून.

अडचण आली ती फक्त काठीची. फोटोग्राफर ती घेऊन भांडारात गेला. भांडारपालानं वही उघडली, चष्मा कपाळावर नेला.

“काठी क्रमांक दोन. ही तर आम्ही गेल्या महिन्यात बाद केली.”

“पण ही बघा, आणलीय.”

“तुम्ही आणली असेल. पण वहीत ती नाही. जी वस्तू नाही, ती मी जमा कशी करून घेऊ?” त्यानं फोटोग्राफरची वही उलटून पाहिली. “आणि इथं तर घेणार म्हणून तुमची सही आहे. शेजारी हा अंगठा कुणाचा? शाई अजून ओलीय… राहू द्या तुमच्याकडेच.”

टाकून द्यायचा त्यानं प्रयत्न केला. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं ती संध्याकाळी परत आणून दिली. म्हणाला, साहेब, यावर कार्यालयाचा नंबर आहे, उगाच आमच्यावर बालंट नको. मग फोटोग्राफरनं ती बाहेरच्या खोलीत, दाराला लागून, कोपऱ्यात उभी केली. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. समुद्र तिथून ऐंशी किलोमीटर.

आठ दिवसांनी ती दारापासून एक लादी आत उभी दिसली. त्यानं बायकोला विचारलं.

“मी कशाला हात लावू त्या घाणेरड्या दांड्याला?” बायको म्हणाली. “आणि आधी तुम्ही सांगा, पहाटे उठून कुठं जाता? रोज पायजमा ओला. घोट्यापर्यंत. नळाला पाणी नसतं त्या वेळी.”

त्यानं पायजम्याची कड नाकाला लावली. मग सुकल्यावर झटकून पाहिली. बारीक पांढरी पूड पडली.

मास्तरांना फोन केला. “हातात घेतलीस?” त्यांनी विचारलं. “सवयीनं,” तो म्हणाला. मास्तरांनी फोन ठेवला, आणि चार दिवसांनी कळलं, की ते चौथ्या मजल्यावरून सातव्या मजल्यावर राहायला गेले.

तेव्हा त्यानं शिटी बायकोच्या हातात दिली. “रोज सकाळी उठलीस की दोनदा वाजवायची. आठवणीनं.” बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग त्याचं मन राखायला शिटी तोंडात धरून जोरात फुंकली. आवाज आला नाही. तिनं तोंड वाकडं करून शिटी उलटी केली, तर तिच्यातून तळहातावर चमचाभर खारं पाणी आलं.

दुसऱ्या दिवशीही तेवढंच आलं. रोज तेवढंच येतं.

काठी आता चौथ्या लादीवर आहे. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अकरा लाद्या आहेत. त्यानं त्या मोजल्या आहेत. खोली कोरडी ठणठणीत आहे, खिडकीतून पाहिलं तर लांबपर्यंत रस्ता, दिवे, छपरं. पाणी कुठंही दिसत नाही. पण ती काठी पाण्याच्या कडेलाच उभी राहते, आणि आजवर तिचं माप एकदाही चुकलेलं नाही.